आठ दिवसांआड नळ, दोन खोल्या आणि साथ : घर सांभाळण्याची रीत

२०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी नळाला आठव्या-नवव्या दिवशी पाणी येत होते. साबणाने २० सेकंद हात धुवा, असे टीव्ही दर तासाला बजावत असे आणि आई रांजणात वाकून पाहत म्हणे, "हात धुऊ का पीठ मळू, तूच सांग रे बाबा." तिच्या बोलण्यात चेष्टा होती, पण त्या चेष्टेत दडलेला हिशेब मला पुढची दोन वर्षे पुरला. साथीत पाणी मोजके असते तशी सावधगिरीही मोजकीच असते. पैसा, खोल्या, मजुरीचे खाडे सोसण्याची ताकद आणि माणसाचा धीर यांतले काहीच अमर्याद नसते, म्हणून सगळीकडे थोडी थोडी काळजी शिंपडत बसण्यापेक्षा जिथे धोका खरोखर आहे तिथे ती ओतावी लागते.

ती कुठे ओतायची, हे येथे क्रमाने सांगितले आहे. मी प्राथमिक शिक्षक आहे. २०२०च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तापमापक आणि ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारे यंत्र, घेऊन दारोदार फिरलो आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच यंत्र आमच्याच भावकीत लागले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचारात डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा.

आधी रोगाची वाट ओळखा

प्रत्येक साथीची अंगात शिरण्याची वाट वेगळी असते आणि ती कळल्याशिवाय केलेली काळजी बहुधा भलत्याच दारावर पहारा देत बसते. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आले असताना, १९९४मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. तो रोग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून माणसात येतो, म्हणून तिथे पिसवा मारणे आणि उंदीर पटापट मरून पडू लागले की आरोग्य केंद्राला कळवणे महत्त्वाचे. कॉलऱ्याची वाट पाण्यातून आहे, त्यामुळे तिथे विहिरीत क्लोरीन टाकणे आणि पाणी उकळणे आले. कोविड मात्र मुख्यतः श्वासातून पसरतो. रोगी माणूस बोलतो, खोकतो, गातो तेव्हा बाहेर पडणारे सूक्ष्म कण कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासात जातात.

ही वाट लोकांना उशिरा कळली. २०२०च्या उन्हाळ्यात आम्ही कोथिंबिरीच्या जुड्या सोड्याच्या पाण्यात बुडवल्या, दुधाच्या पिशव्या साबणाने घासल्या आणि वर्तमानपत्र दिवसभर उन्हात टाकून संध्याकाळी शिळे करून वाचले. ठिकठिकाणी माणसांवर हायपोक्लोराइटची फवारणी करणारे बोगदे उभे राहिले. माणसांवर असे द्रावण फवारू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२०मध्येच कळवले होते. त्याच दिवसांत शेजारच्या खोलीत दार लावून, कूलर सुरू करून सहा जण दुपारभर पत्ते खेळत आणि त्याला कोणी धोका म्हणत नसे. भाजी धुण्यात दोन कळशा पाणी गेले आणि हवा तशीच कोंडलेली राहिली.

म्हणून नव्या साथीची बातमी आली की पहिला प्रश्न हाच विचारावा : हा रोग श्वासातून येतो, पाण्यातून, डासातून की स्पर्शातून? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्यसेविका किंवा आशाताई याचे उत्तर मोबाइलवरच्या कोणत्याही व्हिडिओपेक्षा नेमके देतात. पुढचे सगळे श्वासातून पसरणाऱ्या साथीला धरून लिहिले आहे.

धोक्याची वही मांडा

घरात उधारीची वही असते तशी एक वही या कामाला काढावी. आठवड्यात घरातला कोण कुठे जातो ते एका पानावर लिहावे आणि प्रत्येक ठिकाणापुढे चार गोष्टी मांडाव्यात : जागा बंद आहे की उघडी, तिथे वेळ किती जातो, माणसे किती जवळ असतात आणि तोंडे किती मोकळी असतात, म्हणजे खाणे, ओरडणे, भजन म्हणणे चालते का. चारांपैकी तीन उत्तरे वाईट आली की ते ठिकाण तांबड्या शाईत जावे.

हे लिहिताना बऱ्याच समजुती उलटतात. कापसाच्या रानात दहा बायका खुरपत असतील तर उघड्यावर, अंतर ठेवून चाललेले ते काम बरेच सुरक्षित असते. पण त्याच बायका ज्या काळी-पिवळीत दाटीवाटीने बसून रानात जातात, त्या गाडीतला अर्धा तास दिवसभराच्या खुरपणीपेक्षा जास्त धोक्याचा असतो. मोंढ्यात सौद्याच्या वेळी आरडाओरड होते, पण वर आभाळ असते. आडत दुकानाच्या मागच्या खोलीत हिशेबाला बसलेल्या चौघांना ते नसते. आठवडी बाजाराला लोक सर्वांत जास्त घाबरले. माझ्या मते तो सकाळी लवकर, एकट्याने, यादी घेऊन उरकला तर चालण्यासारखा होता. बाजार बंद ठेवून तीच गर्दी अरुंद किराणा दुकानांत कोंबली गेली, हे मला आजही पटत नाही.

वहीच्या दुसऱ्या पानावर घरातली माणसे घ्यावीत. साठीच्या पुढचे, मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा दम्याचा विकार असलेले आणि गरोदर बाई यांच्या नावापुढे खूण करावी. धडधाकट मुलाने तांबडे ठिकाण गाठले तर त्याची किंमत बहुधा खूण केलेले माणूस मोजते, कारण दोघे एकाच खोलीत झोपतात. मग प्रत्येक ठिकाणाबद्दल ठरवावे की ते टाळता येते, बदलता येते, की पत्करावेच लागते. मजुरी बहुतेकांना पत्करावीच लागते आणि त्यात लाजण्यासारखे किंवा दुसऱ्याने बोट दाखवण्यासारखे काही नाही. एक गोष्ट पत्करली की त्या आठवड्यात दुसरी सोडायची, एवढा हिशेब ठेवावा. ज्या आठवड्यात भाऊ दाटीच्या गाडीतून जिल्ह्याला जाई, त्या आठवड्यात तो आईच्या खोलीत न झोपता ओसरीवर झोपे.

मोजक्या पाण्यात हात धुणे

श्वासाची साथ असली तरी हात धुणे सोडू नये, फक्त त्यापायी पाणी उधळू नये. २० सेकंद हे साबण चोळण्याचे आहेत, पाणी सोडून ठेवण्याचे नव्हेत. हात जेमतेम ओले करावेत, पाणी बंद करावे, साबण लावून तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांच्या कडा आणि मनगटे चोळावीत आणि शेवटी बारीक धारेखाली हात निथळावेत. आम्ही घरी मोजून पाहिले तेव्हा एका तांब्यात सहज दोघांचे हात धुऊन झाले.

बारीक धार हवी असेल तर नळाची वाट पाहायला नको. गोड्या तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन घ्यावा, तापवलेल्या खिळ्याने त्याच्या वरच्या भागात एक भोक पाडावे, कॅन अंगणातल्या दोन मेढींमधल्या आडव्या काठीला मुठीतून टांगावा आणि झाकणाला बांधलेली दोरी खाली जमिनीवरच्या दुसऱ्या काठीला बांधावी. पायाने काठी दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार पडते. पाय उचलला की धार थांबते, आणि धुतलेल्या हाताने कशालाही शिवावे लागत नाही. साबणाची वडी फाटक्या पायमोज्यात घालून शेजारी लटकवावी. खाली कढीपत्ता किंवा अळू लावले तर तेही पाणी वाया जात नाही. शाळेत आम्ही असे चार कॅन टांगले होते आणि मुलांना हात धुण्यापेक्षा काठी दाबण्यातच जास्त रस होता, पण त्या निमित्ताने हात धुतले जात होते.

बाहेरून आल्यावर, भाकरी करण्याआधी, जेवणाआधी, शौचानंतर, नाक शिंकरल्यावर आणि आजाऱ्याचे काही केल्यावर हात धुवावेत. दर तासाला उगीच धुण्याची गरज नाही. सॅनिटायझर वापरायचे तर किमान ६० टक्के अल्कोहोलचे घ्यावे आणि ते लावलेले हात वाळेपर्यंत चुलीजवळ किंवा गॅसजवळ जाऊ नये.

टँकरच्या गर्दीवर आपल्याकडे जुना उपाय आहे : हंडे रांगेत आणि माणसे सावलीत. टँकर लागताच सगळ्यांनी पाइपावर तुटून पडण्याऐवजी हंड्यांच्या क्रमाने हाका मारण्याचे काम एकाकडे द्यावे.

घरातली हवा हलती ठेवा

माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे उन्हाळ्यात गार राहतात ती जाड भिंती आणि मोजक्या खिडक्यांमुळे, आणि त्याच कारणाने त्यांत हवा कोंडते. हवा खेळते की नाही हे पाहायला उदबत्ती पुरते. खोलीच्या मधोमध ती लावावी आणि धूर कुठे जातो ते पाहावे. धूर आढ्याखाली साचून राहिला तर श्वासही तिथेच साचतो. समोरासमोरची दारे उघडावीत, छताचा झरोका मोकळा करावा आणि एक टेबलपंखा खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवावा, म्हणजे तो आतली हवा बाहेर ढकलतो. कूलर खोलीच्या आत ठेवला तर तो तीच हवा फिरवतो. खिडकीबाहेर बसवून समोरचे दार किलकिले ठेवले तर बाहेरची हवा आत येते आणि गारवाही चांगला लागतो. उन्हाळ्यात माळवदावर किंवा गच्चीवर झोपण्याची आपली जुनी सवय साथीत फारच उपयोगी पडली.

मास्कबद्दल थोडक्यात. एकेरी उपरणे किंवा पदर फार थोडे अडवतो. व्हॉल्व्ह नसलेला एन-९५ मास्क सर्वांत चांगला, पण तो गालाला घट्ट बसला पाहिजे. श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ धरत असेल तर तो बसलेला नाही. हा मास्क धुऊ नये. तीन-चार मास्क कागदी पिशव्यांत घालून आळीपाळीने वापरावेत आणि ते मळले, ओले झाले किंवा सैल पडले की टाकून द्यावेत. सगळीकडे मास्क लावणे जमत नसेल तर निदान गाडीत, दवाखान्यात आणि बँकेच्या रांगेत लावावा.

घराबाहेर गेलेल्या माणसाची तजवीज

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली अर्धी माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली असतात. एप्रिल २०२०मध्ये कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी परतायला परवानगी मिळाली, तेव्हा गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा १४ दिवसांच्या विलगीकरणासाठी उघडल्या. आमच्या शाळेत पहिले दोन दिवस भांडणांत गेले, आणि भांडणाचे मूळ रोगात नव्हते. संडासात पाणी नव्हते आणि २३ माणसांत मोबाइल चार्ज करायला एकच बटण होते. पाण्याची टाकी भरली आणि बोर्ड लावून चार बटणांची सोय केली, तेव्हा लोक शांतपणे राहिले. गावाला अशी सोय करायची असेल तर पाणी, वीज आणि बाळंतिणीसाठी वेगळी खोली ही तयारी आधी करावी, नियमांचा फलक नंतर लावला तरी चालतो.

८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे जाण्यासाठी पायी निघाले होते. परगावी असलेल्या आपल्या माणसाकडे परतीच्या भाड्याएवढे पैसे, आधार कार्ड, मुकादमाचा आणि त्या गावच्या तलाठ्याचा किंवा सरपंचाचा नंबर कागदावर लिहिलेला असावा. मोबाइलची बॅटरी उतरते, कागद उतरत नाही. वाहन नक्की झाल्याशिवाय निघू नकोस, हे घरच्यांनीच त्याला निक्षून सांगावे.

घरात कोणी आजारी पडले तर

वेगळी खोली असेल तर प्रश्न सोपा आहे, पण बहुतेकांकडे ती नसते. अशा वेळी आजारी माणसाला ढेलजेत किंवा ओसरीवर, वाऱ्याच्या वाटेवर झोपवावे, मध्ये चादरीचा पडदा लावला तरी दार-खिडकी बंद करू नये, आणि सेवा एकाच निरोगी, शक्यतो लस घेतलेल्या माणसाने मास्क लावून करावी. भांडी-कपडे साबणाने धुतले की पुरते. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत, नेऊन ठेवण्याची आपल्याकडची रीत वाईट नाही, परंतु आजाऱ्याला तिथे एकटे सोडू नये, फोनला रेंज आहे की नाही ते पाहावे आणि रात्री गाडी तिथपर्यंत पोचते का याची खात्री करावी.

पहिले लक्षण दिसले तो दिवस वहीत पहिला दिवस म्हणून लिहावा. तपासणीचा अहवाल आला तेव्हापासून मोजण्याची चूक अनेकांनी केली. कोविडमध्ये प्रकृती बिघडण्याचा काळ बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास येतो, आणि अहवालापासून मोजणारा माणूस नेमक्या त्याच दिवसांत 'अजून तर तिसराच दिवस आहे' म्हणून निर्धास्त असतो. लक्षणे असताना अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करून घ्यावी.

ऑक्सिमीटरबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्यात मी स्वतः चुकलो आहे. एप्रिल २०२१मध्ये माझे चुलते आखाड्यावर होते आणि चुलतभाऊ रोज फोनवर "शहाण्णव आहे" असे सांगत होता. तिसऱ्या दिवशी काकांना बोलताना धाप लागते आहे असे वाटले म्हणून मी यंत्राचा फोटो मागवला. पडद्यावर ८८ आणि ९६ असे दोन आकडे होते. शहाण्णव हा नाडीचा आकडा होता. यंत्र बोटाला कसे लावायचे ते मी त्याला दाखवले होते, कोणता आकडा वाचायचा ते सांगायचे राहून गेले होते. काकांना त्याच रात्री हलवले, नऊ दिवस प्राणवायू लागला आणि ते परत आले.

म्हणून आधी यंत्रावर 'ऑक्सिजन' म्हणजे टक्क्याची खूण असलेला आकडा कोणता आणि नाडीचा कोणता, हे स्केचपेनने चिठ्ठीवर लिहून यंत्राला चिकटवावे. काही यंत्रांचा पडदा बोट फिरवले की उलटा होतो, तेव्हा ६८ आणि ८९ यांत गफलत होते. मोजण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, नखावर मेंदी किंवा पॉलिश नसावी, गार पडलेला हात चोळून ऊबदार करावा आणि आकडा स्थिरावेपर्यंत जवळजवळ मिनिटभर थांबून मग लिहावा. दिवसातून चार वेळा वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी, काय खाल्ले आणि लघवी झाली का, हे वहीत उतरवावे. ९४ किंवा त्याहून कमी आकडा टिकून राहिला तर डॉक्टरांना फोन करावा. ९०च्या खाली गेला, ओठ निळसर दिसले, छातीत दुखू लागले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर वाट न पाहता निघावे. बसल्या जागी आकडा चांगला असूनही शंका वाटत असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटे, साठीपुढच्या माणसाने तीन मिनिटे, सोबतीला कोणी असताना चालावे; आकडा ९३च्या खाली उतरला किंवा तीनहून अधिक घसरला तर दवाखाना गाठावा. आधीच धाप लागत असलेल्याने आणि दम्याच्या रुग्णाने ही चाचणी करू नये.

वाहन येईपर्यंत पालथे झोपल्याने प्राणवायू थोडा सुधारू शकतो. मानेखाली, पोटाखाली आणि नडगीखाली उशी घ्यावी. जेवणानंतर तासभर, गरोदरपणात आणि हृदयाचा मोठा विकार असल्यास असे झोपू नये.

तापाला पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील त्या मात्रेत घ्यावे, भरपूर पाणी, पेज, आंबील द्यावी. मोबाइलवर फिरणारी दुसऱ्याची चिठ्ठी दुकानदाराला दाखवून स्टेरॉइड घेणे हा २०२१मधला सर्वांत घातक प्रकार होता. प्राणवायू कमी झालेल्या रुग्णाला तेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली तारते, आणि सौम्य आजारात, विशेषतः मधुमेह्याला, ते साखर वाढवून बुरशीच्या आजाराला वाट करून देते. डोळ्याभोवती सूज, गालाला बधिरपणा, नाकातून काळपट स्राव दिसला तर त्याच दिवशी दाखवावे. वाफ घेताना पातेले कलंडून मुले भाजल्याची उदाहरणे कमी नाहीत. वाफेने विषाणू मरत नाही, त्यामुळे लहान मुलांना ती देऊच नये.

पिशवी भरून ठेवा

एका कापडी पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, रोजच्या गोळ्यांची यादी, चार्जर, चादर, तांब्या आणि थोडी रोकड भरून ती खुंटीला टांगावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड लागते, आणि मध्यरात्री ते ट्रंकेच्या तळाशी शोधण्यात अर्धा तास जातो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सल्ल्यासाठी १०४ हे क्रमांक भिंतीवर खडूने लिहावेत. गावात रात्री गाडी काढणारे दोघे कोण, हे आधीच बोलून ठेवावे. निघण्यापूर्वी उपजिल्हा रुग्णालयात प्राणवायूची खाट आहे का ते फोनवर विचारावे, नसल्यास अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय यांपैकी जवळचे कोणते, हे ठरलेले असावे. ऐन घाईत चार दवाखान्यांच्या पायऱ्या चढण्यात रुग्णाचा दम जातो. वही सोबत न्यावी. ती पाहून डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.

लग्न, मयत आणि मन

लग्नात सर्वांत मोठा धोका पंगतीत असतो, कारण तिथे मास्क उतरतात आणि तोंडे समोरासमोर येतात. लग्न रानात, मोकळ्या मांडवात लावावे आणि पंगतीऐवजी शिदा किंवा डबे घरी पाठवावेत. आमच्या भावकीत एका लग्नात असे केले आणि कोणाचा मानपान अडला नाही. मयतीला जाणे फार अवघड प्रसंग असतो. खांदा देणारे मोजके असावेत, बाकीच्यांनी उघड्यावर लांब उभे राहावे आणि भेटीला दहाव्यापर्यंत आळीपाळीने जावे. त्या घरी फोन मात्र सगळ्यांनी करावा, आणि महिन्याभराने पुन्हा करावा. झोप उडाली, जीव नको वाटू लागला तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

लसीची पाळी आली की घ्यावी. दुसऱ्या दिवशी अंग दुखते, ताप येतो, म्हणून खुरपणीचा खाडा आधीच धरून ठेवावा.

साथ ओसरल्यावर वही कपाटात ठेवावी आणि ऑक्सिमीटरमधले सेल काढून ठेवावेत. आमच्या यंत्रात ते तसेच राहिले, वर्षभराने पाझरले आणि पट्ट्यांवर हिरवट गंज चढला. आता ते यंत्र आणि नवे सेल दोन्ही रेशन कार्डाच्या पिशवीत वेगवेगळे बांधलेले आहेत.